मऊ पट्ट्यात मान किती फिरते

मानेला फोमचा मऊ पट्टा बांधून कुणी आलं की आम्ही आधी तो सोडायला सांगतो. पट्टा कधी घेतला, कुणी सांगितला ही चौकशी मागाहून. आधी मोकळी मान मोजायची, मग तोच पट्टा बांधून तीच मान त्याच खुर्चीत पुन्हा मोजायची. हा क्रम चुकला की ‘पट्ट्याने फरक पडला’ आणि ‘काही उपयोग नाही’ ही दोन्ही वाक्यं सारखीच पोकळ ठरतात. फरक कशापासून धरायचा तेच ठाऊक नसतं.

याला एक मोठा अपवाद आहे. गाडीवरून पडलेला, जिन्यात घसरलेला, डोक्यावर काही आदळलेला माणूस तपासणी न होताच आला, तर त्याचा पट्टा सोडायचा नाही आणि मान हलवून बघायची नाही. १०८ बोलवायची आणि जिथे एक्स-रे, सीटी होतो तिथे पाठवायचं. मऊ पट्टा आहेच गळ्यात, म्हणून त्याला रिक्षात बसवून न्यायचं नाही. का, ते पुढच्या आकड्यांत दिसेल.

मोजायला खुर्ची सरळ पाठीची लागते. दोन्ही पावलं जमिनीला टेकलेली, कंबर मागे सरकवलेली, हात मांडीवर. छातीवरून एक सुती ओढणी किंवा पंचा खुर्चीच्या पाठीला बांधून टाकायचा, कारण मान अडली की माणूस नकळत पाठीतून वळतो आणि आपल्याला वाटतं मानच वळली. खांद्याचंही तेच. कान खांद्याकडे न्यायला सांगितलं की खांदाच कानाकडे येतो. म्हणून मोजताना एक जण खांद्यावर हात ठेवून उभा राहतो; दाबायचं नाही, उचलला गेला तर फक्त कळलं पाहिजे.

यासाठी खास चौकट मिळते. ती चष्म्यासारखी डोक्यावर बसते, तिच्यावर तीन तबकड्या असतात. दोन गुरुत्वाकर्षणावर चालतात, तिसरी होकायंत्राची असते आणि तिच्यासाठी खांद्यांवर चुंबकाचं एक जू ठेवतात. हे जू पट्ट्याच्या फोमवर टेकलं तर डोक्याबरोबर तेही हलतं आणि वळण्याचा आकडा कमी येतो, तेव्हा ते खांद्यावरच बसलं आहे ना हे बघावं लागतं. चौकट नसेल तर फोनमधल्या समपातळीच्या अ‍ॅपवर काम भागतं. मान पुढे-मागे मोजताना फोन कानाच्या वर डोक्याच्या कडेला धरायचा, कडेला कलताना कपाळावर आडवा. वळणं मात्र बसून या अ‍ॅपने मोजता येत नाही. डोकं गोल फिरताना गुरुत्वाकर्षणाच्या दिशेत बदलच होत नाही, मग फोनला कळणार कसं? त्यासाठी माणसाला उशीशिवाय उताणं झोपवायचं आणि फोन कपाळावर सपाट ठेवून डोकं वळवायला सांगायचं. पण झोपल्यावर पट्टा मागून दाबला जातो आणि पुढून वर सरकतो, म्हणून झोपून घेतलेला आकडा झोपून घेतलेल्याशीच ताडायचा. बसून मोजायचंच असेल तर डोक्यावर फोन सपाट धरून होकायंत्र वापरता येतं, पण मग लोखंडी खुर्ची आणि शेजारचं कपाट दोन्ही लांब हवीत, नाहीतर काटा भलतीकडेच बघतो.

प्रत्येक हालचाल आधी तीनदा नुसती करून घ्यायची. सकाळी गाडी सुरू करताना होते तसंच मानेचं होतं, पहिला प्रयत्न नेहमी आखूड असतो. त्यानंतरचे तीन आकडे घेऊन सरासरी काढायची. दुखायला लागलं की तिथे थांबायचं आणि कुठे थांबलो तेही लिहायचं. पाच अंशांच्या आतल्या फरकाला आम्ही फरक म्हणत नाही. एकाच हाताने दोनदा मोजलं तरी तेवढा येतो.

तोंड मिटलेलं असावं, हे सांगायला हमखास विसरतात. हनुवटी छातीला टेकली की नाही हे टेपने मोजणारे हनुवटीपासून छातीच्या हाडाच्या वरच्या खाचेपर्यंतचं अंतर घेतात. जबडा किंचित उघडला तरी हे अंतर घटतं आणि मान न वाकताच वाकल्यासारखी दिसते. शिवाय पट्टा बांधल्यावर टेप फोमवरून वळसा घालून जाते, तेव्हा पट्ट्यासह आणि पट्ट्याविना अशी तुलना करताना टेप बाजूलाच ठेवलेली बरी.

आता आकडे. हिशेबासाठी निरोगी मान पुढे ५० अंश, मागे ६०, कडेला प्रत्येकी ४५ आणि वळताना प्रत्येकी ८० अंश धरतात. वयाबरोबर हे सगळं कमी होतं, मागे जाणं विशेष लवकर. पट्ट्यांचा जो अभ्यास आजही सगळीकडे सांगितला जातो तो अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या मंडळींचा, १९७७ सालचा. त्यांनी निरोगी माणसांना वेगवेगळे पट्टे बांधून मानेची हालचाल मोजली. मऊ पट्ट्याने पुढे-मागे होणारी हालचाल सुमारे २६ टक्के कमी झाली, वळणं १७ टक्के आणि कडेला कलणं अवघं ८ टक्के. हनुवटीखाली आणि मागे कडक आधार असलेल्या फिलाडेल्फिया कॉलरने हेच आकडे ७१, ५६ आणि ३४ टक्के आले. कवटीला स्क्रूने बसवतात ते हेलो कडं मात्र जवळजवळ सगळीच हालचाल थांबवतं.

टक्क्यांपेक्षा अंश डोळ्यांपुढे आणले तर चटकन कळतं. पुढे-मागे मिळून ११० अंश होते, ते ८१-८२ उरले. उजवीकडे ८० अंश वळणारी मान मऊ पट्ट्यात ६६ अंश वळते. कडेला ४५ होते, ते ४१-४२. म्हणजे कडेला जो फरक पडला तो आमच्या मोजण्यातल्या चुकीएवढाच! हाड मोडलेल्या मानेला असा पट्टा बांधून काय साधणार, हे वेगळं सांगायला नको.

हे असं का होतं ते पट्टा हातात घेऊन बघावं. आत इंचभर जाडीचा फोम, वर विणलेल्या सुती कापडाचं आवरण, टोकांना वेल्क्रो. मधोमध हनुवटीसाठी उतरती खाच. अंगठ्याने दाबला की फोम अर्ध्यावर येतो. डोक्याचं वजन साडेचार-पाच किलो. मान पुढे झुकली की हनुवटी त्या खाचेत टेकते, फोम दबतो आणि दबून दबून जिथे घट्ट होतो तिथे हालचाल संपते. मागे नेली की कवटीची खालची कड पट्ट्याच्या वरच्या काठावर येते. म्हणजे पुढे आणि मागे निदान काहीतरी आडवं येतं. कडेला कलताना तसं काही नाही; कान आणि खांदा यांच्यामध्ये पट्ट्याचा जो भाग येतो तो सगळ्यात सहज चेपतो, कारण तिथे त्याला टेकायला हाड नाही. वळतानाही आडवं असं काही येत नाही. कापड आणि कातडी यांचं घर्षण, बस्स. आमच्यासमोर बसलेल्याला आम्ही पट्ट्याच्या काठावर आणि गालावर पेनाने एकासमोर एक ठिपके करून मान वळवायला सांगतो. ठिपके लगेच एकमेकांपासून सरकतात. पट्टा होता तिथेच असतो, मान आतून फिरून जाते.

वळण्याबद्दल अजून एक गोष्ट आहे, आणि ती पट्टा विकणाऱ्यांनाही बहुधा ठाऊक नसते. मानेच्या वळण्यातला जवळपास निम्मा भाग पहिल्या आणि दुसऱ्या मणक्यांच्या मधल्या सांध्यात होतो. हे मणके असतात तोंडाच्या पातळीवर. त्यांचा समोरून एक्स-रे काढायचा तर तोंड उघडून काढतात, नाहीतर दात मध्ये येतात. पट्टा संपतो जबड्याच्या खाली. म्हणजे जिथे सगळ्यात जास्त फिरणं आहे ते ठिकाण पट्ट्याच्या वरच राहतं. होकारार्थी मान डोलावतो ती हालचालही बरीचशी कवटी आणि पहिला मणका यांच्यातली. पट्टा कितीही आवळला तरी बांधलेला माणूस ‘हो’ आणि ‘नाही’ दोन्ही मानेनेच सांगतो. बघा सांगून.

तरीही लोक म्हणतात, ‘पट्टा घातला की बरं वाटतं.’ ते खोटं बोलत नाहीत. मान कुठपर्यंत जाऊ शकते आणि दिवसभरात माणूस ती कुठपर्यंत नेतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जेवणं, दाढी करणं, वाचणं, खुर्चीतून उठणं अशा कामांना पूर्ण आवाक्याचा थोडाच भाग लागतो. सगळ्यात जास्त वळणं लागतं ते गाडी मागे घेताना. येलमध्येच २०१० साली मऊ आणि कडक पट्टे बांधून अशी रोजची १५ कामं करून घेतली. मुद्दाम पूर्ण मान फिरवायला सांगितल्यावर कडक पट्टा अर्थातच जास्त अडवत होता, पण रोजच्या कामांत दोन्ही पट्ट्यांनी हालचाल जवळपास सारखीच कमी झाली. गळ्याला काहीतरी लागतंय हे कळलं की माणूस आपणहून मान कमी वापरतो आणि अंगाने वळतो. पट्टा आठवण करून देतो, अडवायचं काम माणूसच करतो. म्हणून झोपेत, रागात किंवा मागून कुणी हाक मारली की पट्ट्याचा हा उपयोग संपतो. तिथे आठवण ठेवणाराच हजर नसतो.

बांधण्याकडे वळू. माप दोन घ्यायचं: मानेचा मधला घेर, आणि नजर समोर ठेवून हनुवटीच्या खालच्या कडेपासून छातीच्या हाडाच्या खाचेपर्यंतची उंची. दुकानात फक्त घेर विचारतात, किंवा माणसाकडे बघून ‘मीडियम’ काढून देतात. त्यातच निम्मं बिघडतं. घेर जमला नाही तर वेल्क्रोने निभावतं, उंची मात्र निभावत नाही. मिडियम-लार्जचं माप कंपनीगणिक बदलतं, तेव्हा पाकिटावरचा सेंटिमीटरचा आकडा वाचावा.

उंच पट्ट्याने काय होतं ते कडेने बघितलं की दिसतं. हनुवटी वर ढकलली जाते, नजर छताच्या आणि भिंतीच्या सांध्याकडे जाते आणि मान सतत थोडी मागे कललेली राहते. मान मागे गेली की मणक्यांच्या मधून नसा बाहेर पडतात त्या फटी अरुंद होतात, पुढे झुकली की त्या मोठ्या होतात. म्हणजे हातात कळ येते, बोटांना मुंग्या येतात म्हणून पट्टा घेतलेल्या माणसाला उंच पट्टा दिला तर पट्ट्यानेच हात जास्त दुखायला लागतो. अशी तक्रार आली की आम्ही पट्टा उलटा बांधून बघतो. दोन्ही बाजूंची उंची टेपने मोजायची आणि जी कमी असेल ती हनुवटीखाली आणायची, मग वेल्क्रो पुढे आला तरी हरकत नाही. दिसायला विचित्र दिसतं आणि रस्त्यात चार जण टोकतात, ‘अहो, उलटा घातलाय.’ पण हाताची कळ कमी झाली तर तोच त्या माणसाचा सुलटा. पाच-दहा मिनिटांत फरक कळतो. नाही कळला तर पट्ट्याच्या दिशेला दोष नाही, दुसरं काही बघायला हवं.

ठेंगण्या पट्ट्याने उलट होतं. हनुवटी टेकायला काही मिळत नाही म्हणून डोकं पुढे सरकत सरकत फोमवर जाऊन बसतं. कासवाने मान बाहेर काढावी तसं. मान पुढे सरकण्याची ही हालचाल तर मऊ पट्टा कधीच अडवत नाही, उलट तिला बसायला जागा करून देतो. खाली मान पुढे झुकलेली आणि वर कवटीपाशी मागे मोडलेली, असा नागमोडी आकार तयार होतो. अंशांत मोजायला गेलात तर पुढचं-मागचं मिळून शून्यच येतं आणि दुखणं मात्र डोक्याच्या मागच्या बाजूला चढतं.

बांधताना माणूस बसलेला हवा. समोर डोळ्यांच्या उंचीवर काहीतरी बघायचं, खाच हनुवटीखाली बसवायची, मग दोन्ही टोकं मागे नेऊन वेल्क्रो लावायचा. मागून आधी गुंडाळून पुढे ओढला तर खाच हमखास तिरकी बसते. आत दोन बोटं सहज गेली पाहिजेत आणि घोट गिळताना घाटीला पट्टा लागता कामा नये. घट्ट आवळल्याने हालचाल जास्त अडते हा गैरसमज आहे. घट्ट पट्ट्यात मान तितकीच फिरते, फक्त गिळायला त्रास होतो आणि काठाची रेघ उठते.

मंगळसूत्र, साखळी आधी बाहेर काढायची. मणी फोमखाली आले की संध्याकाळपर्यंत त्यांची नक्षी कातडीवर उमटते आणि घामाने तिथेच खाज सुटते. अंबाडा किंवा जाड वेणी असेल तर पट्ट्याची मागची कड कवटीखाली टेकतच नाही, केसांवर टेकते. मग मान मागे जाण्याला जी थोडीफार आडकाठी होती तीही गेली. केस वर बांधावेत. शर्टाची कॉलर पट्ट्याच्या आत ठेवली तर उंची अर्धा इंच वाढते, म्हणून मोजताना जो शर्ट होता त्याच पद्धतीने रोज बांधावा. लांब झुमके काठात अडकतात. चार दिवसांच्या दाढीचे खुंट आवरणाच्या कापडात रुततात आणि वळताना ओढ बसते, तेव्हा दाढी एक तर रोज करावी किंवा पूर्ण वाढवावी.

पट्टा बांधून दुसरं मोजमाप झालं की आम्ही कामं करून घेतो, कारण घरी अंश मोजत कुणी बसत नाही. विळीवर बसून भाजी चिरणं हे सगळ्यात अवघड जातं: मान पूर्ण खाली लागते, फोम मध्ये येतो, मग बाई कमरेतून वाकते आणि दोन दिवसांनी कंबरदुखी घेऊन येते. तेवढे दिवस ओट्याशी उभं राहून सुरीने चिरावं. तांब्याने वरून पाणी पिणं, गुळण्या करणं, माळ्यावरचा डबा काढणं या सगळ्याला मान मागे लागते. पट्ट्यात वरून पाणी प्यायला गेलात तर ठसका लागतो, भांडं तोंडाला लावून प्यावं. जिना उतरणं ही खरी धोक्याची जागा. पायाजवळची पायरी बघायला मान खाली जात नाही, आणि माणूस अंदाजाने पाऊल टाकतो. वयस्कर माणसाला आम्ही पट्टा बांधून दहा पायऱ्या उतरवून बघितल्याशिवाय घरी सोडत नाही. कठडा धरायचा आणि उतरताना शक्य असेल तर पट्टा काढूनच उतरायचं.

दुचाकी चालवायची नाही. हेल्मेटची खालची कड पट्ट्यावर बसते आणि मान वळवली की हेल्मेट अर्धवट वळतं. चारचाकीतही मागे बघणं कमी पडतं. शिवाय ज्याला पट्टा लागतो आहे त्याची दुखरी मान मुळातच कमी वळत असते, ६६ अंश हा आकडा निरोगी मानेचा आहे. प्रवासी म्हणून बसताना मात्र पट्ट्याचा चांगला उपयोग होतो. एसटीत बसल्या बसल्या डुलकी लागली की हनुवटी छातीवर पडते आणि खड्ड्यात हिसका बसतो, तो मऊ पट्टा बराच झेलतो. डोकं खिडकीकडे कलंडलं तर झेलत नाही, त्या ८ टक्क्यांची गोष्ट वर झालीच आहे. घाटात कडेच्या झोल्यांसाठी गुंडाळलेला टॉवेल खांदा आणि कान यांच्यामध्ये ठेवावा.

किती दिवस वापरायचा? इथे आमचं मत ठाम आहे: काढायची तारीख ठरल्याशिवाय पट्टा बांधूच नये. गाडीला मागून धडक बसून मानेला हिसका बसतो, त्या दुखापतीसाठी कॅनडात क्वेबेकच्या तज्ज्ञ गटाने १९९५ मध्ये अहवाल दिला. नुसती दुखरी मान असेल तर पट्टा नकोच आणि इतरांनाही तो ७२ तासांपलीकडे नको, असा त्यांचा सल्ला होता. हालचाल लवकर सुरू करण्याकडेच तेव्हापासून सगळा कल आहे. अवघडलेल्या मानेलाही आम्ही दोन-तीन दिवसच देतो, तेही दर दोन तासांनी काढून दोन्हीकडे दहा-दहा वेळा सावकाश, दुखण्याच्या अलीकडे थांबून वळवण्याच्या अटीवर.

नस दबून हातात कळ येण्याचं प्रकरण थोडं निराळं आहे. नेदरलँड्समध्ये २०५ रुग्णांवर झालेला आणि २००९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास यात उपयोगी पडतो. त्रास सुरू होऊन महिना झाला नव्हता अशा रुग्णांत काहींना अर्धकडक पट्टा आणि विश्रांती, काहींना फिजिओथेरपी, काहींना नुसतं थांबून बघणं असं दिलं. पट्टा तीन आठवडे दिवसा वापरून पुढच्या तीन आठवड्यांत हळूहळू सोडवला. सहा आठवड्यांनी पट्टा आणि फिजिओथेरपी या दोन्ही गटांचं दुखणं नुसतं थांबलेल्यांपेक्षा कमी होतं. सहा महिन्यांनी तिघेही सारखेच. तिथला पट्टा अर्धकडक होता, आपल्याकडे दुकानात दोन-चारशे रुपयांना मिळतो तो फोमचा नव्हे, हे लक्षात ठेवून मगच तो दाखला द्यावा.

सोडवताना आधी घरातला पट्टा काढायचा, मग बसून करायच्या कामातला, शेवटी प्रवासातला. रात्री झोपताना पहिल्या दिवसापासूनच नको. उशीची उंची नीट केली की ते काम होतं, आणि पट्टा अधिक उशी म्हणजे मान पुढे मोडलेली. काढल्यावर पहिले दोन दिवस मान ‘जड’ वाटते. इतके दिवस फोमवर टेकलेलं डोकं स्नायूंना पुन्हा उचलायचं असतं, नवी दुखापत झालेली नसते. तेव्हा कपाळावर तळहात ठेवून हलकाच दाब द्यायचा, मान जागची न हलवता पाच-सहा सेकंद धरायची, असं पुढे, मागे आणि दोन्ही बाजूंना दहा-दहा वेळा. आठवड्याने पुन्हा मोजायचं. महिनोन्‌महिने पट्टा घातलेल्यांचा वळण्याचा आकडा पट्टा काढल्यावरही पट्ट्यासकट होता तेवढाच आला, तर आता पट्टा नव्हे, ताठरलेले सांधे आणि भित्री सवय अडवत असते. ते सोडवायला पट्टा बांधायला लागला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो.

चक्कर येते म्हणून पट्टा घालणारे खूप आहेत. कुशीवर वळताना, वर बघताना गरगरतं, ते पुष्कळदा कानाच्या आतल्या खड्यांमुळे असतं आणि त्याच्या उपचारात डोकं ठरावीक अंशांत वळवावंच लागतं. तिथे पट्टा मध्येच येतो. आणि ‘मणक्यात गॅप आहे, पट्ट्याने भरेल’ हेही रोज ऐकायला येतं. फोम हाडाबाहेर आहे, तो आत काही भरत नाही. हाताची पकड ढिली होणं, बटणं लावता न येणं, चालताना तोल जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं यांतलं काही असेल तर पट्टा घालून वाट बघत बसायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. आमवाताच्या (रुमॅटॉइड संधिवाताच्या) रुग्णांच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यांत सैलपणा असू शकतो, त्यांची मान आम्हीही एक्स-रे पाहिल्याशिवाय मोजत नाही.

राहता राहिला पट्टा स्वतः. मे महिन्यात आवरण दोन तासांत ओलं होतं आणि हनुवटीखाली घामोळं उठतं. आवरण निघणारं असेल तर रोज धुवावं. निघणारं नसेल तर आत मलमलचा रुमाल गुंडाळून तो बदलत राहावा. अख्खा पट्टा भिजवायचा नाही. कोकणात पावसाळ्यात भिजलेला फोम आठ दिवस वाळत नाही आणि कुबट वास धरतो. वेल्क्रोत केस आणि कापसाचे धागे अडकले की तो सुटायला लागतो, जुन्या दात घासायच्या ब्रशने साफ करता येतो. फोम मेला की नाही ते बघायचं असेल तर हनुवटीच्या खाचेत अंगठा दाबून धरा आणि सोडा. खड्डा लगेच भरून आला तर ठीक. खड्डा तसाच राहिला तर पुढे-मागे जी २६ टक्के अडवणूक होती तीही आता उरलेली नाही, तेव्हा घरात दुसऱ्या कुणाची मान अवघडली की तोच जुना पट्टा कपाटातून काढून देऊ नका.